अंगठा दिला म्हणजे सगळं संपलं असं नाही

एकाने विचारलंय, कन्नड भाषेतल्या बक्षीसपत्रावर आजीचा अंगठा घेतला, शेत नातवाच्या नावावर झालं, आता तो जेवणही देत नाही. काही करता येईल का? येईल.

आधी सब-रजिस्ट्रार कचेरीतून दस्ताची प्रमाणित नक्कल काढा आणि परक्या माणसाकडून मराठीत शब्दन्‌शब्द वाचून घ्या. ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं वाक्य आहे का, तेच शोधा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट मोडली की असा दस्त रद्द करता येतो. अट लिहिलेली नसेल तर अडचण वाढते; मग फसवणुकीच्या मुद्द्यावर दिवाणी दावा करता येईल का, तेही वकिलाला विचारा. कलम २३ चा अर्ज कर्नाटकात असिस्टंट कमिशनरकडे, म्हणजे प्रांताकडे, द्यायचा; निपाणीकडच्यांनी चिकोडीला. आजीला चालवत नसेल तर तिने अधिकार दिलेला कुणीही अर्ज करू शकतो.

पासबुकही भरून आणा. पेन्शन जमा झाली त्याच दिवशी पूर्ण रक्कम एटीएमने निघत असेल आणि आजी कधी एटीएमला गेलेलीच नसेल, तर कार्ड आजच बंद करा. तिला एकटीला, नातवाच्या माघारी विचारा. त्याच्यासमोर ती ‘सगळं बरं आहे’ असंच म्हणणार. मारहाण किंवा कोंडून ठेवणं असेल तर थेट ११२, सल्ल्यासाठी १४५६७.