मदत हवी आहे : गोवंडीतल्या वस्तीतलं पाणी तपासायचंय

नमस्कार मंडळी,

आम्ही मुंबईतल्या एका कॉलेजचे एनएसएसचे विद्यार्थी. गोवंडीतल्या एका वस्तीत काम करतोय. तिथे घरोघरी गेलेले बारीक पाइप उघड्या गटारातूनच जातात. पाणी ठरावीक वेळीच येतं. एरवी पाइप रिकामा, त्यामुळे सांधा गळका असला की गटाराचं पाणी आत शिरतं. पहिल्या धारेला वास येतो, असं तिथल्या ताई सांगतात. लहान मुलांचे जुलाब थांबत नाहीत, ते बघवत नाही.

ओटी टेस्टने (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून, येणाऱ्या पिवळ्या रंगावरून) पाण्यात उरलेला क्लोरीन तपासतो (लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा). पण तेवढ्यावरून जंतू आहेत हे सिद्ध होत नाही. जंतू तपासायच्या एचटूएस बाटल्या (मैल्यातले जंतू असले की पाणी काळं पडतं) सुट्या कुठे मिळतील? विद्यार्थ्यांनी घेतलेले नमुने वॉर्ड ऑफिस मानतं का, की मान्यताप्राप्त लॅबचाच रिपोर्ट लागतो?

वस्ती २००० नंतरची, म्हणजे अनधिकृत मानली गेलेली आहे. अशा वस्त्यांनाही पाणी द्या, या मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाच्या आधारे कुणी अर्ज केला असेल तर मसुदा दाखवाल का? आहे ती जोडणीही तुटेल या भीतीने लोक सही करायला बिचकतात. त्यांच्यावर बालंट न येता हे कसं करावं, ते अनुभवी लोकांनी जरूर सांगा. पावसाळ्याआधी अर्ज द्यायचाय.