वहिनीचे पाय सुजलेत, डोकं दुखतंय – मदत हवी आहे

डिचोलीकर: वहिनीच्या पायांत चपला चढत नाहीत. परवापासून डोकंही धरलंय. आई म्हणते, गरोदरपणात सूज यायचीच. डॉक्टर सोमवारी भेटतील, दादा बोटीवर. डोकेदुखीवर कुठली गोळी चालेल? लवकर सांगा.

शेवंती: कितवा महिना? बीपी किती? पहिलटकरीण का? हे कळल्याशिवाय गोळी कोण सांगणार?

पेडण्याचो काका: खारें, सुके बांगडे, लोणचं बंद. शहाळं पाजा. आमच्या हिची सूज त्यानेच उतरली.

शेवंती: काका, मीठ तोडून प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोकादायक आजार, जात नाही. पाय तर बहुतेकींचे सुजतात. तोंड, हात सुजलेत का ते विचारा.

पेडण्याचो काका: मोठमोठी नावं सांगून पोरांना घाबरवू नका.

डिचोलीकर: आठवा चालू, पहिलंच. तोंड सुजलंय, अंगठी निघत नाही. बीपी थोडं वाढलंय म्हणाले होते.

माई_साखळी: आठव्यात डोहाळजेवण करत नाहीत हं. सातव्यात केलं ना?

शेवंती: माई, आत्ता नको. "थोडं" म्हणजे किती? फाईलमध्ये आकडा असेल.

डिचोलीकर: १४८/९६. लघवीची तपासणी लिहून दिलेली, राहिली. सकाळपासून अंधुक दिसतंय म्हणते. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

फोंडेकर: माझ्या बहिणीला अ‍ॅस्पिरिन दिलेली. तीच द्या.

नर्सबाय: मुळीच नको! ती धोका असलेल्यांना डॉक्टर सुरू करतात, तीही १२ आठवड्यांनंतर, शक्यतो १६ च्या आत. चालू आजारावरचा तो इलाज नव्हे. डिचोलीकर, १४०/९० पासून बीपी जास्त धरतात. त्यात डोकेदुखी आणि अंधुक दिसणं. हा चष्मा नव्हे. झटके येऊ शकतात. आत्ताच १०८ लावा. बरगडीखाली उजवीकडे दुखतं का, तेही विचारा.

फोंडेकर: १०८ ची वाट कशाला बघायची? आपली गाडी बरी.

नर्सबाय: वाटेत झटका आला तर आपल्या गाडीत काय करणार? १०८ मध्ये ऑक्सिजन असतो, माणूस असतो. फाईल आणि चालू गोळ्या सोबत घ्या.

डिचोलीकर: फोन केला, येतायत. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायला सांगतो. पण तिथे लगेच बाळंतपण करतील का? दिवस भरले नाहीत अजून.

पेडण्याचो काका: शहाळं तरी सोबत ठेवा.

नर्सबाय: काका, डॉक्टर बघेपर्यंत तोंडाने काही नको. डिचोलीकर, मुळापासून इलाज बाळंतपण हाच. पण आधी बीपी उतरवतील, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतील. कधी करायचं ते बाळ-बाळंतिणीची स्थिती बघून ठरवतील. आणि घरी आल्यावरही बीपी बघत राहा, हे बाळंतपणानंतरही उद्भवतं.

डिचोलीकर: गाडी आली. आईला समजावा कोणीतरी, ती आधी हळदीचा लेप लावूया म्हणतेय.