मदत हवी आहे: लिब्रेएनएमएसमध्ये 'लाइट गेली' आणि 'फायबर तुटली' वेगळं कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी. दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात आमची छोटी इंटरनेट सेवा आहे, तिचं नेटवर्क मी बघतो. देखरेखीला लिब्रेएनएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर, नाशिकला सातपूरच्या ऑफिसातल्या एका जुन्या मशीनवर. राउटर, स्विच, रेडिओ लिंक यांच्याबाबत काही तक्रार नाही. घोडं अडलंय ओएलटीपाशी, म्हणजे ग्राहकांच्या फायबर जिथे येऊन मिळतात त्या आमच्या बाजूच्या यंत्रापाशी.

गावात लाइट गेली की एका पॉन पोर्टवरचे (ओएलटीच्या एका फायबर जोडणीवरचे) ओएनयू, म्हणजे ग्राहकांकडचे फायबरचे डबे, धडाधड बंद दिसतात. सिंहस्थाच्या कामांसाठी शहराच्या बाजूला खोदकाम चालू आहे, तिथे जेसीबीने केबल उचकटली तरी स्क्रीनवर तेच लाल ठिपके. मग आमचा पोरगा रात्री फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन मोहाडीपर्यंत जातो, आणि बघतो तर अख्खं गाव अंधारात.

खरं तर फरक ओएलटीला माहीत असतो. वीज गेली तर ओएनयू बंद पडता पडता 'डाइंग गॅस्प' हा शेवटचा निरोप पाठवतो. फायबर तुटली तर निरोप पोचणार कुठून, फक्त सिग्नल गेल्याची नोंद होते. आमच्या ओएलटीच्या एमआयबीत (उपकरणाकडून विचारून घेता येणाऱ्या माहितीच्या यादीत) प्रत्येक ओएनयूच्या बंद होण्याचं शेवटचं कारण सांगणारा कॉलम आहे. मी लिब्रेएनएमएससाठी यॅमल फाइलमध्ये व्याख्या लिहून तो स्टेट सेन्सर (अवस्था दाखवणारा) म्हणून आणला, रिसीव्ह पॉवर (ओएनयूला मिळणाऱ्या प्रकाशाची ताकद) डीबीएम सेन्सर म्हणून. आकडे नीट येतायत.

आता पुढे काय ते सुचत नाहीये. पोलिंग (उपकरणांना माहिती विचारणं) ५ मिनिटांनी होतं, तोवर ग्राहकांचे फोन सुरू झालेले असतात. ट्रॅप (उपकरणाने स्वतःहून पाठवलेली सूचना) घेऊन त्यासाठी पीएचपीत नवा हँडलर लिहावा का? दुसरं, मुख्य उपकरण बंद असताना त्याच्यामागच्यांचे अलर्ट दाबायची सोय आहे, पण ती डिव्हाइसपुरती. ओएनयू हा इथे डिव्हाइस नाहीच. ८ पोर्टचा ओएलटी आणि १:६४ स्प्लिट (एका फायबरचे ६४ फाटे) धरला तर ५१२ डिव्हाइस घालावे लागतील, तो वेडेपणा मला करायचा नाही. मला पोर्टमागे एकच अलर्ट हवाय, कारणासकट.

आणि हे लिब्रेएनएमएसच्या मूळ प्रकल्पात द्यायची इच्छा आहे. पण चाचणीसाठी एसएनएमपीचा (उपकरणांकडून माहिती घ्यायच्या पद्धतीचा) डेटा जोडावा लागतो, आणि आमच्याकडे ओएनयूच्या वर्णनात ग्राहकाचं नाव आणि मोबाइल नंबर आहे. तुम्ही लोक हे कसं सोडवता?

प्रतिसाद १

हँडलर जरूर लिहा, काम फार नाही. एक क्लास, आणि कॉन्फिगमध्ये ट्रॅपच्या नावासमोर त्याची नोंद. पण निव्वळ ट्रॅपवर विसंबू नका. ट्रॅप यूडीपीवरून येतो, वाटेत हरवला तर कोणी विचारत नाही. ट्रॅप आला की पटकन कळेल, खात्री मात्र पोलिंगमधूनच करा.

पोर्टमागे एका अलर्टसाठी लगेच लिब्रेएनएमएसच्या मूळ कोडमध्ये हात घालू नका. यॅमलमध्ये सेन्सरला 'ग्रुप' देता येतो, तिथे पॉन पोर्टचं नाव टाका. अलर्ट रूलमध्ये स्वतःचा एसक्यूएल (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिता येतो, त्यात ग्रुपनुसार मोजणी करा. हे महिनाभर चालवा, मग नवीन फीचर नेमकं काय मागायचं ते तुम्हालाच स्पष्ट होईल. मोठा बदल थेट पाठवण्याआधी तिथल्या लोकांशी बोलून घेतलेलं बरं.

डेटाचं म्हणाल तर एसएनएमपीरेक, म्हणजे चाचणीच्या त्या डेटाची फाइल, ही साधी टेक्स्ट फाइल असते. प्रत्येक अवस्थेचे दोन-तीन ओएनयू ठेवा, बाकीच्या ओळी उडवा. नावं, नंबर, सिरियल नंबर हाताने बदला. सिस्टिमच्या लोकेशनमध्ये पत्ता असतो, तोही विसरू नका. मग त्याच फाइलवर चाचणी चालवून बघा.

प्रतिसाद २

डाइंग गॅस्पबद्दल एक सावधगिरी. स्वस्त ओएनयूत तो निरोप जाईपर्यंत वीज धरून ठेवणारा कपॅसिटर धड नसतो. म्हणजे गॅस्प आला तर लाइट गेली हे पक्कं, पण आला नाही म्हणून फायबर तुटली असं नाही.

मी उलटीकडून बघतो. लाइट गेली तरी गावात चार घरी इन्व्हर्टर असतोच, ते ओएनयू चालू राहतात. मेन फायबर तुटली तर इन्व्हर्टरवालेही जातात. त्यामुळे पोर्टवर कोण जिवंत आहे हे आधी पाहावं. जे जिवंत आहेत त्यांची पॉवर एकदम उणे २७ डीबीएमच्या आसपास घसरली असेल तर मात्र फायबर कुठेतरी दबलीय किंवा वाकलीय, तेव्हा गाडी काढा.

धागाकर्ता

इन्व्हर्टरचं डोक्यात आलं नव्हतं, भारीच. ग्रामपंचायत, पतसंस्था आणि दवाखान्याचे ओएनयू इन्व्हर्टरवर आहेत हे मला माहीत आहे, त्यांना वेगळी खूण करून ठेवतो. एसक्यूएल आज रात्रीच लिहायला घेतो. फक्त एक शंका: मळ्यातल्या वस्त्यांवर एखाद्या पोर्टला तीन-चारच ओएनयू आहेत आणि इन्व्हर्टर एकाकडेही नाही. तिथे मोजणी कामाची नाही, कपॅसिटरचाही भरवसा नाही. अशा पोर्टसाठी कोणी काय करतं?