स्त्री आणि पुरुष यांच्या त्वचेच्या रंगातील फरक नैसर्गिक आहे का?

जिज्ञासू (धागालेखक)

एकाच समाजातील स्त्रियांची त्वचा पुरुषांच्या त्वचेपेक्षा सरासरीने किंचित उजळ असते, असे जगातील बहुतेक ठिकाणच्या मोजणीत आढळले आहे. ही मोजणी नजरेच्या अंदाजाने होत नाही. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन सहसा कमी लागते तिथे, उपकरणाने प्रकाश टाकून त्यातला किती परत फिरतो हे पाहिले जाते. निना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली मांडलेले कारण मला पटते. गर्भारपणात आणि बाळाला अंगावर पाजताना स्त्रीला कॅल्शियम जास्त लागते, ते आतड्यातून शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे असते, आणि मेलॅनिन, म्हणजे त्वचेला गडद करणारे रंगद्रव्य, कमी असेल तर तेवढ्याच उन्हात त्वचेत ते अधिक तयार होते. मात्र अतिनील किरणांनी फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व नष्ट होते आणि गर्भाच्या वाढीला तेही आवश्यक असते. त्यामुळे रंग फार उजळ होणेही परवडणारे नाही. फरक अल्प का राहिला, याचे उत्तर मला या दुहेरी ओढाताणीत दिसते.

साक्षेपी

मला हे अजिबात मान्य नाही. मैदूम येथे सापडलेले राहोटेप आणि नोफ्रेत या इजिप्शियन दांपत्याचे पुतळे पाहावेत. सुमारे ४६०० वर्षांपूर्वीच्या त्या जोडीत पुरुष तांबूस तपकिरी रंगवला आहे आणि शेजारी बसलेली स्त्री फिकट पिवळसर. इतका फरक कोणत्याही नवराबायकोत निसर्गतः नसतो. बाहेर वावरणारा पुरुष आणि घरात राहणारी स्त्री हा सामाजिक संकेत तिथे रंगातून उतरला आहे, आणि आजही आपल्या डोळ्यांना जाणवणारा फरक मुख्यतः उन्हाचाच असतो. उघड्या अंगाने कष्ट करणाऱ्या माणसाचा दंड आतून तरी उन्हापासून कितपत वाचतो? शिवाय "स्त्री निसर्गतःच उजळ" असे एकदा म्हटले, की सावळ्या मुलीत काही कमी आहे असे सांगायला लोकांना शास्त्राचा आधार मिळतो. हे मला फार गंभीर वाटते.

जिज्ञासू

आपली चिंता रास्त आहे, पण तिच्यामुळे मोजणी खोटी ठरत नाही. वयात येण्यापूर्वी मुलामुलींत हा फरक जवळपास नसतो; तो त्यानंतर स्पष्ट होतो. एडवर्ड्स आणि डंटली यांनी १९३९ मध्येच दाखवले होते की पुरुषांच्या त्वचेत मेलॅनिन अधिक असते आणि रक्तही अधिक असते, त्यामुळे ती अधिक गडद आणि अधिक लालसर दिसते. पुरुषांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त असते, हे तर सर्वज्ञात आहे. ही लाली उन्हाच्या खात्यावर कशी टाकणार?

साक्षेपी

वयात येताच मुलीचे बाहेर फिरणे कमी करणारे समाज थोडेथोडके नाहीत, तेव्हा नेमक्या त्याच वयात फरक दिसू लागणे हा तो हार्मोनमुळे पडतो याचा निर्णायक पुरावा होत नाही. उलट स्त्रीच्या हार्मोनांनी रंग गडदही होतो. गर्भारपणात गालांवर आणि कपाळावर वांग येतात, बेंबीखालची रेघ काळसर होते, स्तनाग्रांभोवतीचा भाग गडद होतो. ज्या काळासाठी ही उजळ त्वचा घडली असे आपण म्हणता, त्याच काळात चेहऱ्यावर हे घडते.

अभ्यासक

दोघांच्याही मांडणीत एक बाजू राहून गेली आहे. पुरुषांनी उजळ स्त्रिया निवडल्या म्हणून हा फरक निर्माण झाला, असाही एक पक्ष आहे; व्हॅन डेन बर्घे आणि फ्रॉस्ट यांनी तो १९८६ मध्ये मांडला. तो खरा असता, तर विषुववृत्तापासून दूर, जिथे गडद त्वचेची गरज कमी असते तिथे, या निवडीला अधिक वाव मिळून फरक वाढायला हवा होता. मॅड्रिगल आणि केली यांनी २००७ मध्ये हे तपासले आणि तसे आढळले नाही. माझ्या मते तो पक्ष तिथेच कमकुवत झाला.

पण ड जीवनसत्त्वाचा पक्षही मला अपुरा वाटतो. स्तनपानाच्या काळात दुधातले कॅल्शियम मोठ्या प्रमाणात आईच्या हाडांतून येते आणि बाळाचे दूध सुटल्यावर ती झीज बहुतांशी भरून निघते. विषुववृत्ताजवळ तर वर्षभर भरपूर ऊन असते. मग तिथल्या स्त्रीला उजळ त्वचेचा लाभ कोणता?

जिज्ञासू

विषुववृत्ताचा मुद्दा वजनदार आहे, तरी तिथेही गडद त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करायला अधिक वेळ लागतोच, म्हणून मी तो पक्ष सोडत नाही. मात्र दोन सरासरींमधील अंतरापेक्षा स्त्रियास्त्रियांमधील अंतर कितीतरी मोठे असते, त्यामुळे या फरकावरून कोणत्याही एका मुलीचा रंग कसा असावा हे ठरत नाही, हे मी स्पष्टपणे नोंदवतो.

साक्षेपी

हे विधान मूळ धाग्यातच असायला हवे होते. माझा आक्षेप दूर व्हायचा असेल, तर सारख्याच उन्हात वावरणाऱ्या मुलामुलींची वयात येण्याआधीपासून पुढे काही वर्षे, शरीराच्या त्याच जागी, नियमित मोजणी व्हावी, आणि ती विषुववृत्ताजवळ तसेच उत्तरेकडे अशी दोन्हीकडे व्हावी. तोवर मी उन्हाच्याच बाजूने आहे.