अनुभव धागा: गाडी अंतर ठेवते, रिक्षा ते भरते

अ‍ॅडासवाल्या नाशिककरांनो, लिहा. (अ‍ॅडास म्हणजे गाडीतली चालकाला मदत करणारी यंत्रणा: स्वतः अंतर राखते, ब्रेक मारते, लेन सांभाळते.) फीचर्सची यादी शोरूममध्ये मिळते. इथे हवंय ते असं: त्यामुळे रस्त्यावरचा ओघ सुधारतो की अडतो, आणि चालवणाऱ्याचं डोकं थंड राहतं की तापतं? गाडी नसली तरी चालेल, अशा गाडीच्या मागे अडकला असाल तरी लिहा.

इंदिरानगर
समृद्धीवर अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग आपोआप सांभाळणारं) म्हणजे सुख. गोंद्याला चढलो, वेग लावला, पाय मोकळा. शिर्डी येईपर्यंत कुणाला मनातल्या मनातही शिवी दिली नाही. तीच गाडी नाशकात द्वारका चौकात आली की माझा पार धर्मात्मा करून टाकते. अंतर सगळ्यात कमीवर ठेवलं तरी पुढे रिक्षा मावेल एवढी जागा उरतेच. रिक्षा घुसली की गाडी ब्रेक मारून पुन्हा अंतर सोडते, मग त्यात अ‍ॅक्टिव्हा. मागचे हॉर्न मात्र मला! मुंबई नाक्याच्या अलीकडेच बंद करतो आता.

पाथर्डी फाटा
यामागचं शास्त्र मजेशीर आहे. जपानी संशोधकांनी २२ गाड्या २३० मीटरच्या वर्तुळात फिरवल्या होत्या. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. ना सिग्नल, ना खड्डा, तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि लाटेसारखी मागे मागे सरकत गेली. कुणीतरी जरासा वेग कमी करतो, मागचा त्याहूनही जास्त कमी करतो, एवढंच कारण. पुढे अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये अशाच वर्तुळात एकच स्वयंचलित गाडी सोडली, तर लाट विरली. पण तिचं सॉफ्टवेअर खास त्यासाठी लिहिलेलं होतं. बाजारात मिळणाऱ्या क्रूझच्या काही चाचण्यांत उलटंच दिसलं: पुढच्याचा छोटा ब्रेक मागे जाताना मोठा होत गेला. आणि त्या वर्तुळात मधे घुसणारं कुणी नव्हतं, हे सोयीस्करपणे विसरू नका.

नाशिकरोड
लेन असिस्टने स्टिअरिंग ओढलं की मला राग येतो. कोणीतरी हात धरून लिहायला शिकवतंय असं वाटतं. कसारा घाटात तर नकोच. पुण्याहून येताना मात्र पोटऱ्या दुखत नाहीत, हे कबूल.

गंगापूर रोड
सासरे शेजारी. टक्कर-इशारा वाजला. "गाडी रागावली का गं?" तेव्हापासून आवाज कमी ठेवलाय.

पिंपळगाव बसवंत
माझी पिकअप, टोमॅटोने भरलेली. पुढची कार बाजूने मोटारसायकल गेली तरी दचकते, लाल दिवे लागतात, विझतात. दरवेळी मी ब्रेक दाबला तर क्रेट पुढे येतील. म्हणून आता असल्या गाडीच्या दिव्यांवर भरवसाच ठेवत नाही, सरळ अंतर वाढवतो. खरोखर थांबली तर पंचाईत नको.

इंदिरानगर
दादा, तुम्ही वाढवलेल्या अंतरात कोण येतं?

पिंपळगाव बसवंत
ओझरपर्यंत कुणी नाही. आडगाव आलं की सगळेच.