‘खुबा’ म्हणजे सांधा की हाडाचा उंचवटा?

भाषांतरकार, लातूर : व्यायामाच्या एका पुस्तिकेचे मराठीकरण करताना मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, बाहेरच्या अंगाला असलेल्या ‘ग्रेटर ट्रोकँटर’ या उंचवट्यासाठी मी ‘खुबा’ लिहिले, तपासणाऱ्या डॉक्टरांनी ‘खुबा म्हणजे सांधा’ असा शेरा मारून ते खोडले. परंतु आमची परभणीची आजी एका कुशीवर निजून उठली की ज्या हाडावर तळवा ठेवून ‘खुबा दुखायलाय’ म्हणे, ते नेमके हेच हाड होते. मग काय लिहावे?

आयुर्वेदाचे अध्यापक, नांदेड : वर्गात आम्ही या उंचवट्याचे नाव ‘महाशिखरक’ असे शिकवतो. सांधा खोल असल्याने तिथवर बोट पोचत नाही आणि त्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते. हाताला लागतो तो उंचवटाच. आतल्या अंगाचे लघुशिखरक, ज्याला मांडी वर उचलणारा स्नायू चिकटतो, ते चाचपता येत नाही, म्हणून त्याला घरगुती नावही नाही. आजींचे चुकले नाही.

फिजिओथेरपिस्ट, बीड : एका पायावर उभे राहताना कंबर दुसऱ्या बाजूला कलू न देणारा नितंबाचा मधला स्नायू याच उंचवट्याला चिकटतो, हे रुग्णाला समजावताना ‘महाशिखरक’ म्हटले तर तो देवळाकडे पाहील. आमची अडचण निराळीच आहे : उर्दू बोलणारे चाचा ‘कूल्हे में दर्द’ (म्हणजे खुब्यात दुखते) म्हणाले, की नवखा सहकारी मराठी ‘कुल्ला’ समजून ‘नितंबात वेदना’ असे लिहून मोकळा होतो.

निवृत्त शिक्षक, वसमत : १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून देऊन दाखवले, मग आपल्यालाच संस्कृत परिभाषेची लाज का वाटावी? शिवाय ‘खुबा’ हा मूळचा शिंपल्यातला जीव. त्याच्या फुगीर आकारावरून हाडाला ते नाव पडले असावे.

आयुर्वेदाचे अध्यापक, नांदेड : गुरुजी, वसमतला समुद्र कुठला?

फिजिओथेरपिस्ट, बीड : हाडाच्या मागच्या बाजूने उभी जाणारी, मांड्या जवळ आणणारे स्नायू जिला चिकटतात ती ‘लिनिया अ‍ॅस्पेरा’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘खरबरीत रेघ’, एवढेच. त्यांनी साधे शब्द वापरले. आपणच ‘रुक्षरेखा’ म्हणून रुग्णाला घाबरवतो.

निवृत्त शिक्षक, वसमत : ‘रेघ’ हे ‘रेखा’चेच लेकरू आहे, आईला घराबाहेर काढू नका.

भाषांतरकार, लातूर : पुस्तिका सोमवारी छपाईला जाते. तूर्त ‘खुब्याचा बाहेरचा उंचवटा’ लिहिले आहे, चालेल का?

निवृत्त शिक्षक, वसमत : शिंपले गोदावरीतही असतात.