मदत हवी आहे: गावरान टमाट्याचा क्रॉस जमत नाहीये

राऊकर (धागाकर्ता)
कुणी टमाट्याचा क्रॉस स्वतःच्या हाताने केलाय का? थिअरी नको, व्हिडिओ सगळे बघून झालेत. आईचा देवासकडचा गावरान टमाटा आहे, चपटा, चुण्या-चुण्यांचा, आंबटढाण, आमच्याकडे साराला दुसरा चालतच नाही, पण दरवर्षी फळं लागायच्या वेळेलाच फंगसने जातो. त्याच वाफ्यात बाजारचं एक हायब्रिड ठणठणीत उभं असतं म्हणून त्याचा पराग याच्यावर टाकतोय. मार्चपासून बारा-पंधरा फुलं केली, सगळी गळाली. जानेवारीत एक फळ धरलं होतं, त्याच्या बियांची नऊ रोपं झाली, तीन वाफ्यात लावली तर तिन्हींनी माना टाकल्या. मग रेझिस्टन्स गेला कुठे? लवकर सांगा, उन्हाळ्यात एक पिढी काढायची आहे.

गच्चीवरची_बाग
फंगस म्हणजे कोणता? करपा, भुरी, मर? फोटो टाका ना.

ताकपिता
एक लिटर आंबट ताक, दहा लिटर पाणी, दर आठ दिवसांनी फवारा. तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. माझ्याकडे पाच वर्षांत फंगस नाही.

राऊकर
काका फवारणी विचारलीच नाहीये. क्रॉस विचारलाय.

भिया_तुकोगंज
एवढा खटाटोप कशाला, अर्का रक्षक लावा की. बंगळूरच्या आयआयएचआरचं, म्हणजे सरकारी फळ-भाजी संशोधन संस्थेचं आहे, चुरडा-मुरडा, जिवाणूची मर आणि लवकरचा करपा तिन्ही झेलतं. चोइथराम मंडीत असली फळं ढिगाने येतात.

राऊकर
त्याला सालच नुसती, चव कुठे? आणि करपा नाहीये बहुतेक, पानावर डाग नाहीत. झाड एका बाजूनेच पिवळं पडतं, दुपारी मान टाकतं, संध्याकाळी उठतं, चार-पाच दिवसांनी उठतच नाही.

माळव्याचा_मास्तर
हे पहिल्यांदाच लिहायचं होतंत. उद्या मरायला आलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा, तुकडा काचेच्या ग्लासात पाण्यात उभा धरा. पाच मिनिटांत दुधासारखी तार खाली सुटली तर जिवाणू. नाही सुटली तर खोड उभं चिरून आत काय दिसतं ते सांगा.

राऊकर
आत्ताच केलं. तार नाही. सालीच्या आत तपकिरी रेघ आहे, चहा सांडून वाळल्यासारखी, वरपर्यंत गेलेली.

माळव्याचा_मास्तर
मग फ्युझेरियम नावाच्या बुरशीची मर धरून चाला. ताक पानावर मारून उपयोग शून्य, हा मुळातून आत शिरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. आणि भिया, अर्का रक्षकची जी तीन नावं तुम्हीच लिहिलीत त्यात फ्युझेरियम आहे का?

भिया_तुकोगंज
मी फंगसला उत्तर दिलं, त्यांनी तेवढंच लिहिलं होतं.

नेमका_शब्द
एक सुधारणा. उशिरा येणारा करपा ज्याने होतो तो फायटोफ्थोरा खरा फंगस नाहीच, तो ऊमायसीट, शेवाळाच्या जवळचा. लोक सर्रास फंगस म्हणतात.

गच्चीवरची_बाग
पण उशिराचा करपा इथे आहे कुणाला?

वांगेप्रेमी
वांग्याच्या खुंटावर कलम करा. टमाट्याचा फ्युझेरियम वांग्याला धरत नाही. दोन्ही रोपं पेन्सिलीपेक्षा बारीक असताना तिरका काप, वर क्लिप, आठवडाभर सावलीत झाकून ठेवायची. मी गेल्या वर्षी आठ केली, सहा जगली. चव आईच्याच टमाट्याची राहते, ब्रीडिंगची सहा-सात वर्षं वाचतात.

राऊकर
दरवर्षी परत कलम करत बसू? बी हवंय मला, बहिणीला ग्वाल्हेरला पाठवायचंय.

माळव्याचा_मास्तर
कलम वाईट नाही, तोवर आईचं झाड तरी जगेल. पण मरीच्या बाबतीत ब्रीडिंगही त्यातल्या त्यात सोपं आहे. 1940 च्या आसपास अमेरिकेत बोन आणि टकर या संशोधकांना बोराएवढ्या रानटी टमाट्यात, पिंपिनेलिफोलियममध्ये, एकाच प्रभावी जीनचा प्रतिकार सापडला. तो आय जीन. पुढे बुरशीची दुसरी-तिसरी रेस, म्हणजे पोटजात, आली तसे आय-2, आय-3 शोधावे लागले. लवकरच्या करप्याचं असं नाही, तिथे प्रतिकार बऱ्याच जीनमध्ये वाटलेला आणि अर्धवटच. तुमचं हायब्रिड तुमच्याच वाफ्यात टिकतंय म्हणजे तिथल्या रेसला तरी ते पुरतंय. आता सांगा, फूल कोणत्या अवस्थेत घेता?

राऊकर
पूर्ण उमललेलं, पिवळंधमक. मग आतली नळी काढतो आणि पराग लावतो.

माळव्याचा_मास्तर
तिथेच गेलं. उमलेपर्यंत त्या फुलाने स्वतःचा पराग स्वतःला लावून घेतलेला असतो.

खतकरी
मेलेली झाडं फेकू नका, कंपोस्ट करा. आपल्याच इंदुरात 1924 पासून इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड बसले होते, त्यांची कंपोस्टची इंदूर पद्धत जगभर गेली आणि आपण थैलीतलं खत विकत आणतो.

वांगेप्रेमी
मरीची झाडं कंपोस्टात? ढीग नीट तापला नाही तर रोग सगळ्या वाफ्यांत वाटून बसाल.

खतकरी
नीट तापवा मग. तोच तर मुद्दा आहे.

बडोद्याची_माई
मी आपली विचारते, गावरान म्हणजे कसं झाड? पान कसं आहे? माझ्या माहेरच्या टमाट्याला दाते नव्हते, अगदी बटाट्याचं पान वाटायचं.

राऊकर
हो माई, तसंच आहे, कडा सरळ. त्याचा काय संबंध?

माळव्याचा_मास्तर
माई, नेमकं बोट ठेवलंत. बटाट्यासारखं पान हा दबणारा गुण, साधं दातेरी पान त्याच्यावर मात करतं. हायब्रिडचं पान साधं आहे ना? मग खरा क्रॉस झाला असेल तर रोपांची पानं दातेरीच यायला हवीत. राऊकर, उरलेली सहा बघून या.

राऊकर
बघितलं. सहाच्या सहा बटाट्याची पानं. म्हणजे तीन महिने मी आईचाच टमाटा वाढवत होतो. आई म्हणाली मी आधीच सांगत होते हे आपलेच आहेत, पानाला वास तोच.

माळव्याचा_मास्तर
म्हणून ती तीन मेली, रेझिस्टन्स आलाच नव्हता. आता ऐका. उद्या उमलेल अशी कळी घ्यायची, पाकळ्या फिकट पिवळ्या, तोंड मिटलेलं. भुवयांच्या चिमट्याने परागकोशांची नळी अख्खी ओढून काढा, मधली काडी, म्हणजे स्त्रीकेसर, मोडू नका. हिरवी दलं अर्धी छाटा, फळावर तीच खूण राहते. हायब्रिडच्या उमललेल्या फुलाला सकाळी दहाच्या सुमारास बॅटरीचा टूथब्रश लावून पराग चमच्यात पाडा, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काडीला लावा. पण आत्ता नको. दिवसा 35 च्या पुढे पराग निकामी होतो, मार्चमधली फुलं त्यानेच गळाली असणार. ऑक्टोबरात पेरा, डिसेंबर-जानेवारीत करा. आणि तीन-चार रोपांवर निकाल लावू नका, हायब्रिडमध्ये जीनची एकच प्रत असेल तर निम्म्याच पोरांत उतरेल. वीस तरी त्याच रोगट वाफ्यात लावा, जगतील त्यांचा परत आईच्या टमाट्याशी क्रॉस.

राऊकर
म्हणजे उन्हाळी पिढी गेलीच. बरं. ही सहा रोपं कुणाला हवी असतील तर कुंडीत, नव्या मातीत लावा, माझ्याकडे मरतीलच.

गच्चीवरची_बाग
दोन मला ठेवा, रविवारी राऊला येते. आणि साराची कृती आईंना विचारून टाका.

ताकपिता
सारात थोडं ताक घालून बघा.